सेरामपूरची वाटणी : एका मिशनच्या फुटीचा प्रकरण अभ्यास

हे सेरामपूर हुगळीकाठचं, कलकत्त्याच्या वर सुमारे 25 किलोमीटरवर, त्या काळी डॅनिश अमलाखालचं. नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरशी त्याची गल्लत नको. विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड हे तीन बॅप्टिस्ट मिशनरी इथे राहिले. मराठीच्या छपाईचा इतिहास वाचताना ही नावं भेटतातच. मात्र याच तिघांचं त्यांना पाठवणाऱ्या सोसायटीशी आणि मागून आलेल्या तरुण मिशनऱ्यांशी वीस वर्षं भांडण चाललं, 1827 मध्ये रीतसर काडीमोड झाला, आणि समेट झाला तोवर तिघांपैकी कोणी तो पाहायला उरलं नाही, हे फारसं सांगितलं जात नाही. संस्था चालवणाऱ्यांनी हे प्रकरण बारकाईनं पाहावं असं मला वाटतं, कारण यात लबाड कोणीच नव्हतं.

पार्श्वभूमी

इंग्लंडमधल्या केटरिंग गावी 2 ऑक्टोबर 1792 रोजी बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली. एका विधवेच्या घरी काही पाळक जमले आणि 13 पौंड 2 शिलिंग 6 पेन्स एवढ्या वर्गणीचा शब्द दिला गेला. सचिव झाले अँड्र्यू फुलर. मूळचे चांभारकाम करणारे कॅरी पुढच्याच वर्षी बंगालमध्ये उतरले. सोसायटीकडे पैसा नव्हता, त्यामुळे नीळ कारखान्यात नोकरी करून त्यांनी पोट भरलं. मिशनऱ्यानं होईल तेवढं स्वतःच्या पायावर उभं राहावं, हे त्यांचं मत तिथेच पक्कं झालं.

ऑक्टोबर 1799 मध्ये चार नवे मिशनरी कुटुंबांसह आले. ईस्ट इंडिया कंपनी आपल्या मुलखात मिशनऱ्यांना थारा देत नव्हती, म्हणून ते डॅनिश सेरामपूरला उतरले. तिथले गव्हर्नर ओले बी यांनी त्यांना आसरा दिला. चौघांतले ग्रँट महिनाभरातच वारले, ब्रन्सडन 1801 मध्ये गेले. राहिले मार्शमन आणि वॉर्ड. मार्शमन ब्रिस्टलचे शाळामास्तर, वॉर्ड मुद्रक आणि वर्तमानपत्राचे माजी संपादक. जानेवारी 1800 मध्ये कॅरी त्यांना येऊन मिळाले.

मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या मिशनऱ्यांचा कित्ता गिरवत त्यांनी एकत्र संसार मांडला. जेवणाचं टेबल एक आणि तिजोरी एक. खाजगी धंदा कोणी करायचा नाही. कुटुंबप्रमुखाचं काम पाळीपाळीनं एकेक महिना. शनिवारी संध्याकाळी बैठक घ्यायची आणि आठवड्यात कोणाचं कोणाशी बिनसलं असेल तर ते तिथेच बोलून मिटवायचं. 1805 मध्ये त्यांनी एक करारनामा लिहिला. अंगावरचे कपडेसुद्धा आपले समजू नयेत, इथपर्यंत त्याचा सूर होता. दरवर्षी जानेवारी, मे आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी तो प्रत्येक ठाण्यावर वाचायचा, असंही ठरलं.

आणि ते तसं वागलेही. कंपनीच्या अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवणाऱ्या कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरी 1801 पासून बंगाली आणि संस्कृत, पुढे मराठीही शिकवू लागले. महिना 500 रुपयांचा पगार नंतर 1000 झाला. नागपूरकडच्या वैजनाथ पंडितांच्या मदतीनं त्यांनी 1805 मध्ये मराठीचं व्याकरण आणि 1810 मध्ये कोश काढला. त्या कोशातले मराठी शब्द मोडीत छापलेले आहेत. जोशुआ आणि हॅना मार्शमन यांच्या निवासी शाळांचं उत्पन्नही मोठं होतं. वॉर्डांचा छापखाना तर कॉलेजची आणि सरकारची कामं घेऊन भराभर वाढत होता. घरखर्चापुरती जुजबी रक्कम काढून बाकी सगळं सामाईक तिजोरीत जाई, आणि त्यातूनच बायबलची भाषांतरं, शाळा आणि दूरदूरची ठाणी चालत. इंग्लंडहून वर्गणी येत होती, तरी हा गाडा मुख्यतः तिघांच्या कमाईवर चालला होता.

प्रश्न नेमका काय होता

भांडण तीन थरांचं होतं आणि प्रत्येक थराला वेगळं औषध हवं होतं. त्या वेळी मात्र तिन्हींची एकच मोट बांधली गेली.

पहिला थर धर्माचा. बाप्तिस्मा जाणत्या वयात आणि पाण्यात बुडवूनच घ्यायचा, हे बॅप्टिस्टांचं मूळ तत्त्व. मग लहानपणी बाप्तिस्मा झालेल्या अँग्लिकन किंवा इतर ख्रिस्ती माणसाला आपल्या प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याच्या विधीला, बसू द्यायचं का? परदेशात मूठभर युरोपीय ख्रिस्ती असताना हा प्रश्न पुस्तकी राहत नाही, कारण शेजारी कोण बसणार हे दर वेळी ठरवावं लागतं. वॉर्ड मोकळ्या मताचे होते आणि काही वर्षं सेरामपूरचं प्रभुभोजन इतरांसाठी खुलं होतं. फुलर यांचा त्याला विरोध होता. 1811 मध्ये ते पुन्हा बंद झालं. वॉर्ड यांना ते रुचलं नाही, तरी त्यांनी घर मोडलं नाही. हा मुद्दा पुढच्या फुटीचं कारण ठरला नाही, हे ध्यानात ठेवावं. धर्ममतावरचा मतभेद हे घर पचवू शकत होतं.

पुढच्या वर्षीची एक घटना या पार्श्वभूमीवर पाहण्यासारखी आहे. अडोनिराम जडसन आणि ल्यूथर राईस हे लहानपणीचा बाप्तिस्मा मानणाऱ्या काँग्रिगेशनल पंथाचे अमेरिकन मिशनरी 1812 मध्ये कलकत्त्याला आले, आणि प्रवासात व तिथे पोचल्यावर बाप्तिस्म्याबद्दल त्यांचं मत बदललं. वॉर्ड यांनी जडसन पतीपत्नींना बाप्तिस्मा दिला, मागोमाग राईसही बॅप्टिस्ट झाले. म्हणजे अमेरिकेतून ज्या मंडळानं पाठवलं, त्याच्याशी नातं तोडणं आलं. त्यांच्याच तुकडीतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मात्र जुन्या मताला धरून राहिले, 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईला पोचले, आणि अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. जडसन ब्रह्मदेशाला गेले. मतं पटेनात तेव्हा माणसांनी वेगळ्या वाटा धरल्या आणि वैर झालं नाही. तिथे वाटून घ्यायला जमीनजुमला नव्हता, हेही त्याचं एक कारण असावं.

दुसरा थर जुन्या-नव्यांचा. एकत्र कुटुंबात थोरल्यांनी कमावलेल्या घरात धाकटी सून आली की जी कुजबुज सुरू होते, ती इथे जशीच्या तशी दिसते. नियमानुसार सगळे भाऊ सारखे. पण ज्यानं कालच पाय ठेवला, भाषा येत नाही, कमाई शून्य, त्याचं मत आणि तिजोरीत महिन्याला हजार रुपये टाकणाऱ्याचं मत खरोखर सारखं मोजायचं का? पहिल्या दशकातच काही नव्या मिशनऱ्यांच्या तक्रारी सुरू झाल्या. थोरल्यांचा कल त्यांना लांबच्या ठाण्यांवर पाठवण्याकडे होता. फुलर जिवंत होते तोवर हे निभलं.

1812 ते 1818 या काळात आलेली फळी वेगळी निघाली. जॉन लॉसन, युस्टेस कॅरी, विल्यम येट्स, विल्यम हॉपकिन्स पिअर्स, जेम्स पेनी, विल्यम ॲडम अशी ही हुशार मंडळी. युस्टेस हे तर विल्यम कॅरींचे सख्खे पुतणे. तिघांचं मोठेपण त्यांना मान्य होतं, पण दर निर्णयावर तिघांचीच मोहोर का, हे पटत नव्हतं. सगळ्यांचा रोख मार्शमन यांच्यावर होता. घर त्यांचं, शाळा त्यांच्या, पाहुण्यांची उठबस त्यांच्याकडे. स्वभाव असा, की सरळ नाही म्हणण्याऐवजी वळसा घालून तेच करवून घ्यायचं. तरुणांना त्यात कावा दिसे. कॅरींना मार्शमन यांचे दोष ठाऊक होते, पण त्यांनी शेवटपर्यंत त्यांची बाजू सोडली नाही.

तिसरा थर मालकीचा, आणि माझ्या मते खरी गाठ इथेच होती. सेरामपूरची घरं, छापखाना, शाळा, बाग हे सगळं कोणाचं? पहिल्या खरेदीखतांत मिशनरी हे सोसायटीच्या वतीनं विश्वस्त असल्याची भाषा होती. पण पैसा बव्हंशी तिघांच्या कमाईचा. फुलर यांना हा प्रश्न कधी टोचला नाही, कारण कामाचे निर्णय जागेवरच्यांनी घ्यावेत असं त्यांचं मत होतं. त्यांच्या पत्रांत ख्यालीखुशाली असे, रागावणं असे, थट्टा असे. मे 1815 मध्ये फुलर गेले आणि सगळा व्यवहार तोंडी विश्वासावर होता हे उघडं पडलं.

आगीचा उलटा परिणाम

मध्ये एक प्रसंग येतो, तो वाचताना सहसा शौर्यकथा म्हणून वाचला जातो. 11 मार्च 1812 च्या संध्याकाळी सेरामपूरच्या छापखान्याला आग लागली. वॉर्ड कचेरीतच होते. कागदाचे साठे, नाना लिप्यांचे टाइप, कॅरींच्या बहुभाषी कोशाचं हस्तलिखित, पंजाबी आणि तेलुगू व्याकरणांचे कागद, सारं गेलं. यंत्रं बाजूला होती म्हणून वाचली. राखेतून टाइप पाडायचे पोलादी पंच आणि साचे धड निघाले, वितळलेलं शिसं गोळा केलं आणि ओतकाम लगेच सुरू झालं. मार्शमन होडीनं कलकत्त्याला जाऊन कॅरींना ही बातमी सांगून आले.

ब्रिटनमध्ये बातमी पोचताच मदतीचा पूर आला आणि काही आठवड्यांतच नुकसान भरून निघेल एवढी रक्कम जमली. पण आतापर्यंत ओळखीच्या पाळकांचं असलेलं हे काम आता देशभर नाव झालेलं. हजारो अनोळखी वर्गणीदार तयार झाले, आणि वर्गणीदार वाढले की हिशेब मागणारे वाढणारच. या कौतुकानं आपल्या माणसांचं बरं होणार नाही, अशी धास्ती फुलर यांना तेव्हाच वाटली होती. फुलर यांच्यानंतर आलेल्या समितीत लंडनकडचे, कारभाराची शिस्त असलेले लोक वाढले, आणि 1819 मध्ये सोसायटीचं ठाणंच लंडनला हललं. नवे सचिव जॉन डायर हे सरळ, व्यवस्थित गृहस्थ. पण त्यांची पत्रं एखाद्या मंत्र्याच्या खलित्यासारखी येतात आणि त्यांना मोकळेपणानं लिहवत नाही, अशी कॅरींची कुरकुर होती.

पर्याय

समितीपुढे साधारण तीन रस्ते होते. फुलर यांच्या काळासारखं चालू द्यायचं. मालमत्तेवर इंग्लंडमधले विश्वस्त नेमून ताबा आपल्याकडे घ्यायचा. किंवा सोसायटीच्या पैशातून झालेलं आणि सेरामपूरच्या कमाईतून झालेलं यांची नीट मोजदाद करून दोन्हींची खतं वेगळी करायची. समितीनं दुसरा धरला. तिची अडचणही खरी होती. उद्या तिघे वारले आणि वारसांनी किंवा घेणेकऱ्यांनी दावा लावला, तर वर्गणीदारांना काय तोंड दाखवायचं?

सेरामपूरकरांपुढे सही करणं किंवा नाकारणं एवढंच होतं असं नाही. आमच्या हयातीत कारभार आमचा, मागे मालकी तुमची, असा मधला मार्ग त्यांना तेव्हाच सुचवता आला असता. पुढे 1830 च्या सुमारास हार मानल्यावर जवळपास हाच मार्ग त्यांनी पत्करला. तेरा वर्षं आधी तो पुढे केला असता तर त्याला मान राहिला असता.

आणखी एक पर्याय, म्हणजे दोघांना मान्य असा त्रयस्थ नेमणं, कोणीच गांभीर्यानं घेतला नाही. कलकत्त्यात दुसऱ्या पंथांचे आदरणीय पाळक होते. पण घरातलं भांडण अँग्लिकनांपुढे कसं न्यायचं, हा संकोच.

काय केलं

1817 मध्ये तिघांनी जाहीरनामा काढला. ही मालमत्ता कायमची मिशनची आहे, तिच्यावर आमचा किंवा आमच्या मुलाबाळांचा हक्क नाही. पण कारभार आमच्याकडेच राहील, सोसायटीचा हुकूम इथे चालणार नाही. स्वतःसाठी दमडी न मागता सत्ता मात्र पूर्ण ठेवायची, अशी ही भूमिका. त्यांना ती त्यागाची वाटत होती, तर लंडनला ती बंडाची वाटली.

त्याच सुमारास पिअर्स यांचं प्रकरण झालं. ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन छापखान्यात तयार झालेला हा तरुण समितीनं वॉर्ड यांच्या मदतीला म्हणून पाठवला. वॉर्ड यांना मदतनीस हवाच होता. पण आमच्या घरात कोणी राहायचं हे लंडननं का ठरवायचं, या मुद्द्यावर थोरले अडून बसले. पिअर्स कलकत्त्याच्या तरुणांना जाऊन मिळाले आणि 1818 मध्ये तिथे दुसरा बॅप्टिस्ट छापखाना निघाला. म्हणजे ज्या माणसामुळे सेरामपूरच्या छापखान्याला वारस मिळाला असता, त्याच्याच हातून स्पर्धक उभा राहिला. संपूर्ण प्रकरणात टाळता येण्यासारखी याहून सोपी चूक मला दिसत नाही.

तरुणांनी कलकत्त्यात आपलं वेगळं मंडळ केलं, शाळा काढल्या, सर्क्युलर रोडवर पुढे प्रार्थनामंदिर उभारलं. गंमत म्हणजे त्यांनीही मिळकत एकत्रच ठेवली. सामाईक तिजोरीला त्यांचा विरोध नव्हता, किल्ली कोणाकडे एवढाच वाद होता.

त्यांच्यातही धर्ममताची ठिणगी पडलीच. राममोहन राय यांच्यासोबत शुभवर्तमानाच्या बंगाली भाषांतरावर काम करता करता विल्यम ॲडम यांचंच मत पालटलं आणि 1821 मध्ये ते युनिटेरियन झाले, म्हणजे ख्रिस्ताचं देवपण न मानता एकच देव मानणाऱ्या पंथात गेले. इकडे मार्शमन राममोहनांशी छापील वाद घालत होते. पुढे राममोहनांचं शेवटचं उत्तर छापायला कलकत्त्याच्या बॅप्टिस्ट छापखान्यानं नकार दिला आणि राममोहनांना स्वतःची सोय करावी लागली. म्हणजे सिद्धांताच्या प्रश्नावर सेरामपूर आणि कलकत्ता एकाच बाजूला होते.

मार्च 1823 मध्ये पटकीनं वॉर्ड गेले. तिघांत माणसं जोडून ठेवणारा तोच होता. सेरामपूरची ठाणी वाढत होती आणि कमाई पुरेना, म्हणून सोसायटीकडे सालाची मदत मागण्याची वेळ आली. आता लंडनचं म्हणणं बिनतोड होतं: पैसे आमचे, तर देखरेखही आमची. वाटाघाटीसाठी 1826 मध्ये मार्शमन स्वतः इंग्लंडला गेले. ज्याच्याबद्दल अविश्वास, तोच वकील म्हणून पाठवला गेला. तिकडे युस्टेस कॅरीही प्रकृतीमुळे परतले होते. 23 मार्च 1827 रोजी दोन्ही बाजू रीतसर वेगळ्या झाल्या आणि पुस्तिकांचं युद्ध पेटलं. घरातल्या जेवणाखाण्यापासून कोणी किती कमावलं इथवर सगळं छापून वेशीवर टांगलं गेलं.

परिणाम

वेगळं झाल्यावर तीन वर्षांतच कलकत्त्याची नामांकित पामर कंपनी बुडाली आणि मागोमाग बाकीच्या पेढ्या कोसळल्या. सेरामपूरचा ठेवलेला पैसा गेला. फोर्ट विल्यम कॉलेजातली कॅरींची जागाही याच काळात रद्द झाली. स्वावलंबनाचा ज्या कमाईवर भर होता, ती आटली. स्कॉटलंड-इंग्लंडमधल्या काही निष्ठावंत मित्रांनी हात दिला म्हणून ठाणी तगली.

कॅरी 9 जून 1834 रोजी गेले. 1837 च्या डिसेंबरमध्ये लंडनला पुन्हा एकत्र येण्याचं ठरलं; मार्शमन त्याच महिन्याच्या 5 तारखेला सेरामपूरला वारले होते आणि ती बातमी अजून समुद्रात होती. ठाणी सोसायटीकडे गेली. युस्टेस यांनी 1836 मध्ये काकांचं आणि नंतर मार्शमन यांच्या मुलानं तिघांचं चरित्र लिहिलं. ही दोन्ही शेजारी ठेवून वाचली पाहिजेत. एकटं कुठलंही वाचलं तर दुसरी बाजू खलनायक वाटते.

वेगळं काय करता आलं असतं

1805 चा करारनामा मी पुन्हा पुन्हा वाचला तेव्हा खटकलं ते हे, की त्यात मन कसं असावं याबद्दल भरपूर आहे, पण नव्या माणसाला मताचा हक्क कधी मिळणार, घरातून बाहेर पडणाऱ्याला काय देणार, तिघांतला एक गेला तर त्याच्या जागी कोण, याबद्दल चकार शब्द नाही. शनिवारची बैठक पाच-सहा माणसांसाठी उत्तम होती. कलकत्त्यात राहणाऱ्या माणसाचा राग शनिवारी सेरामपुरात मिटत नाही. फुलर हयात असताना, म्हणजे 1808 ते 1814 च्या दरम्यान, खतांची भाषा दुरुस्त करून घेतली असती तर दोन्ही बाजूंचा विश्वास असलेला माणूस मध्ये होता. आगीनंतर पैसा आणि सदिच्छा दोन्ही हाताशी होत्या, तो मुहूर्त सगळ्यात चांगला होता.

हे नंतरच्या शहाणपणातून येतंय, असं कोणी म्हणेल. पण सेरामपूरकरांना कागद करता येत होते याचा पुरावा त्यांनीच ठेवलाय. 1818 मध्ये त्यांनी कॉलेज काढलं. त्यासाठी डेन्मार्कच्या सहाव्या फ्रेडरिक राजाकडून 23 फेब्रुवारी 1827 रोजी सनद मिळवली, म्हणजे काडीमोड होण्याच्या बरोबर महिनाभर आधी. तिच्यात पदव्या देण्याचा अधिकार होता आणि कारभार एका कौन्सिलकडे होता. 1833 मध्ये नियमावली झाली. जात, वर्ण किंवा देश यांवरून कोणाला प्रवेश नाकारायचा नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलं. वारस कोण आणि निवड कशी, हेही ठरवून ठेवलं. घरं, छापखाना, ठाणी यांवरून रणं माजली तेव्हा कॉलेज मात्र कौन्सिलकडेच राहिलं. 1845 मध्ये डेन्मार्कनं सेरामपूर ब्रिटिशांना विकलं, तेव्हाही सनदेचे हक्क कायम राहिले. पुण्यात धर्मशास्त्राची बी.डी. करणाऱ्या अनेकांना पदवी मिळते ती आजही सेरामपूरच्या सिनेटची.